पट्टा सुधारला, ओझे वाढले

1 जुलै 1916 च्या सकाळी सोमच्या आघाडीवर खंदकातून वर चढलेल्या ब्रिटिश सैनिकाच्या अंगावर सुमारे 66 पौंड, म्हणजे 30 किलो वजन होते. रायफल आणि संगीन, 220 काडतुसे, दोन हातबाँब, विषारी वायूपासून बचावाचे दोन मुखवटे, रिकामी वाळूची पोती, पाण्याची बाटली, शिधा. शिवाय अनेकांकडे फावडे किंवा कुदळ, कुणाकडे तारा कापण्याची कात्री. मोठी पाठपिशवी आणि ओव्हरकोट मागे ठेवूनही हा आकडा. ब्रिटिशांच्या अधिकृत युद्धेतिहासानेच नोंदवले आहे की एवढ्या वजनाखाली खंदकातून बाहेर पडणेही कठीण होते, सावकाश चालण्यापलीकडे वेग येत नव्हता आणि झटकन आडवे होऊन झटकन उठणे जमत नव्हते. मशिनगनसमोर या तिन्हीची गरज असते.

यातली खरी विचार करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. यातल्या पुष्कळ सैनिकांच्या अंगावर जो नवारी साज, म्हणजे जाड सुती विणीचे पट्टे आणि पाऊच, होता, तो त्या काळातला जगातला सर्वांत विचारपूर्वक बनवलेला साज होता. सैनिकाच्या पाठीचा, छातीचा, कमरेचा अभ्यास करून पन्नास वर्षांच्या खटाटोपानंतर तो तयार झाला होता. जुन्या लष्करी पट्ट्यांचा आणि पाऊचांचा इतिहास वाचताना हेच पुन्हा पुन्हा दिसते. ओझे वाहण्याची सोय सुधारत गेली, आणि ज्याच्या नावाने ती सुधारली त्याच्या अंगावरचे ओझे मात्र हटले नाही. घरात मोठे कपाट आले की पसारा कमी होत नाही, त्या कपाटापुरता वाढतो. इथेही तसेच झाले.

प्रश्न जुना आहे. इसवी सनापूर्वी 107 च्या सुमारास सेनापती मारियसने रोमन सैन्यामागचे सामानाचे लटांबर कमी करून ते सैनिकांच्या खांद्यावर दिले, आणि लोक त्या सैनिकांना मारियसची खेचरे म्हणू लागले. गाठोडे बांधायला त्यांच्याकडे दुबेळकी काठी होती. साज म्हणावा तर तेवढाच. चौथ्या शतकाच्या अखेरच्या सुमारास लिहिणारा वेजेटियस नव्या सैनिकांना 60 रोमन पौंडांपर्यंत, म्हणजे जवळपास 20 किलो, वजन घेऊन चालण्याचा सराव द्यावा असे सांगतो. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे शरीरशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत मोजमापे घेऊन जी मर्यादा सांगितली, ती याच्या आसपासच निघाली.

आपल्याकडच्या फौजांनी हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवला, किंवा टाळला. ओझे लढवय्याच्या पाठीवर न टाकता बैल, उंट, हमाल आणि बुणग्यांवर टाकायचे. त्याची किंमत फौजेच्या वेगात मोजावी लागते. पानिपताच्या मोहिमेत लढणाऱ्यांपेक्षा न लढणाऱ्यांचीच संख्या किती फुगली होती आणि त्यांच्या पोटापाण्याने सदाशिवरावभाऊंचे हात कसे बांधले गेले, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. म्हणजे दोन टोके अशी: सगळे सैनिकावर लादा, तर तो थकतो, सगळे मागून आणा, तर फौज अडते. यांच्यामध्ये कुठे थांबायचे हे ठरवण्यात लष्करी साजाची दोन शतके गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश पायदळाच्या पाठीवर ट्रॉटर नावाच्या कंत्राटदाराच्या नावाने ओळखली जाणारी पाठपेटी होती. रंग दिलेले कॅनव्हास, आत लाकडी चौकट, त्यामुळे कवायतीच्या मैदानावर रांगेतल्या सगळ्या पाठी एकसारख्या चौकोनी दिसत. दिसण्यासाठीच ती तशी होती. खांद्यावरचे पट्टे छातीवर आडव्या पट्ट्याने आवळलेले असत आणि श्वास घेताना फासळ्या त्या पट्ट्याला अडत. त्यावर काडतुसांच्या पेटीचा आणि संगिनीचा असे दोन आडवे पट्टे छातीवर फुली मारून जात. चित्रात हा पोशाख रुबाबदार दिसतो. आत माणूस गुदमरत होता.

हे बोलून दाखवले डॉक्टरांनी. मद्रासच्या फौजेत नोकरी करून इंग्लंडमधल्या नेटलीच्या लष्करी रुग्णालयात प्राध्यापक झालेले विल्यम कॅम्बेल मॅक्लीन यांनी 1863 मध्ये जाहीर व्याख्यानात मांडले की तरण्याबांड सैनिकांमध्ये हृदयविकार एवढा दिसतो, त्यामागे ही पाठपेटी आणि हे पट्टे आहेत. पुढच्या वर्षी चौकशी समिती बसली. तिच्यात नेटलीचेच लष्करी आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक एडमंड पार्क्स यांचा मोठा वाटा होता. तिच्या कामातून 1871 चा व्हॅलिस साज निघाला. त्यात पाठपेटी गेली, सामानाची पिशवी खाली कमरेच्या मागे आली, वजन खांदे आणि कंबर यांच्यात विभागले गेले आणि छाती मोकळी झाली. सैनिकाचे ओझे हा वैद्यकाचा विषय ठरला तो इथून. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, पण जुन्या वस्तूंचे शौकीन त्याकडे क्वचित वळतात. पितळी बक्कल जपता येते, समितीचा अहवाल भिंतीवर टांगता येत नाही.

1888 चा स्लेड-वॉलेस साज त्याचीच सुधारलेली आवृत्ती. पांढऱ्या चामड्याचा, चुनखडीसारख्या पांढऱ्या मातीने रोज माखायचा. हाच साज घेऊन ब्रिटिश सैनिक 1899 मध्ये बोअर युद्धाला गेले आणि तिथे चामड्याचे दोष उघडे पडले. ते ऊन-पावसात कडक होते, तडकते, भिजले की जड होते. त्यातच रायफलीचा काळ बदलला होता. पूर्वी साठ-सत्तर काडतुसांवर भागत असे. आता मॅगझिनच्या रायफली झपाट्याने गोळ्या खात होत्या, तेव्हा शंभराच्या वर काडतुसे अंगावर हवीत. तातडीची सोय म्हणून खांद्यावरून तिरके घालायचे काडतुसपट्टे दिले गेले. त्यातून काडतुसे गळून पडत, आणि बोअर सैनिक ब्रिटिशांच्या मुक्कामाच्या जागा व वाटा धुंडाळून ती वेचत आणि त्यांच्यावरच झाडत. साजाच्या दोषाची याहून कडवट पावती दुसरी नसेल.

तोडगा अमेरिकेतून आला. अँसन मिल्स हा तिथल्या सैन्यातला अधिकारी. चामड्याच्या पट्ट्यात पितळी काडतूस राहिले की त्यावर हिरवट गंज चढतो आणि ते चिकटून बसते, ही त्याची अडचण. त्याने काडतुसाच्या घरांसकट सबंध पट्टा मागावर एकसंध विणून काढण्याची युक्ती बसवली. शिवण नाही, म्हणजे उसवणे नाही. जाड सुती नवार भिजली तरी तडकत नाही, वजनाला हलकी आणि मातकट रंगात रंगवता येते. मिल्सच्या लंडनमधल्या कंपनीने आणि रॉयल आयरिश फ्युजिलियर्सच्या बरोज या अधिकाऱ्याने मिळून ब्रिटिश पायदळासाठी जो साज तयार केला तो 1908 पॅटर्न.

याच्याजवळ थोडे थांबायला हवे. तीन इंच रुंद कंबरपट्टा. पुढे डावी-उजवीकडे पाच-पाच छोटे पाऊच, प्रत्येकात पंधरा, एकूण 150 काडतुसे. मागे पाठपिशवी. एका कुशीला पाण्याची बाटली, दुसरीकडे झोळी; संगीन आणि खंदक खोदायचे हत्यारही कमरेलाच. खांद्यावरचे पट्टे सगळ्याला जोडलेले. खुबी अशी की पुढची काडतुसे आणि मागची पिशवी एकमेकांना तोलत. छातीवर एकही आडवा पट्टा नाही. कंबरेचे बक्कल सोडले की सगळा साज कोटासारखा एकदम अंगावरून उतरतो आणि तसाच पुन्हा चढतो. विश्रांतीच्या दहा मिनिटांत याचे मोल काय, ते लांब चाल केलेल्यालाच कळेल. दोष नव्हते असे नाही. पाठपिशवी काढली की पुढचे वजन खाली ओढी. खंदकाच्या कठड्यावर घासून डावीकडच्या पाऊचांच्या झडपा उघडत, म्हणून पुढे त्यांच्या आत बंद बसवावे लागले. तरीही वजनाची वाटणी, मोकळी छाती आणि चटकन उतरण्याची सोय या तिन्ही कसोट्यांवर त्यानंतरची तीस वर्षे त्याच्या तोडीचा साज मला दिसत नाही.

1914 मध्ये लाखोंची नवी फौज उभी राहू लागली आणि नवार विणणारे माग कमी पडले. चामडे कमावणारे आणि खोगीर शिवणारे कारागीर पुष्कळ होते. म्हणून त्याच साजाची चामडी नक्कल, 1914 पॅटर्न, निघाली. युद्धमंत्री किचनरच्या या नव्या फौजेतले पुष्कळ जण ती घालूनच फ्रान्सला गेले. ज्या चामड्याला बोअर युद्धाच्या अनुभवानंतर 1908 मध्ये रामराम ठोकला, ते सहा वर्षांत कारखान्यांच्या कुवतीमुळे परत आले. लष्करी साज कागदावर कितीही चांगला आखा, अखेर देशात काय बनू शकते त्यावरच तो ठरतो.

त्याच वर्षी हिंदी फौजेचे शिपाई फ्रान्समध्ये उतरले. त्यांच्या छायाचित्रांत चामडी पाऊच आणि तिरके काडतुसपट्टे दिसतात. ब्रिटिश पलटणींना मिळालेली नवार त्यांच्यापर्यंत सरसकट पोचली नव्हती. मेसोपोटेमियात परिस्थिती आणखी बिकट होती. कुतच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्या मोहिमेत खरी उणीव पट्ट्यांची नव्हती. नदीवरच्या बोटी, जनावरे, रुग्णवाहू साधने यांची होती, आणि 1917 च्या चौकशी आयोगाने त्यावर कडक ताशेरे ओढले. मागची वाहतूक कोलमडली की तिचा भार शेवटी कुणाच्या पाठीवर येतो, हे वेगळे सांगायला नको.

युद्धानंतर हिशेब मांडला गेला. खरे तर जर्मनांनी तो आधीच मांडला होता. त्सुंट्झ आणि शुम्बुर्ग या संशोधकांनी बर्लिनमध्ये सैनिकांना वजने देऊन चालवले, श्वास, नाडी, घाम मोजले आणि 1901 मध्ये कूच करण्याच्या शरीरशास्त्रावर ग्रंथच लिहिला. ब्रिटिशांकडे 1920 च्या दशकाच्या आरंभी लोदियन या लष्करी डॉक्टरने प्राचीन काळापासूनच्या ओझ्यांचा ताळा घातला आणि लष्कराच्या आरोग्य समितीने मर्यादा सांगितली: 40 ते 45 पौंड, किंवा शरीराच्या वजनाचा एक तृतीयांश. म्हणजे 18 ते 20 किलो. वेजेटियसपाशीच येऊन थांबलो.

1937 चा पॅटर्न याच अभ्यासाच्या सावलीत जन्मला आणि भारतीय वाचकाला तो सर्वांत ओळखीचा. ज्यांनी एनसीसी केले त्यांतल्या जुन्या पिढीने याच घराण्यातल्या कंबरपट्ट्यावर ब्लँको फासला आहे आणि त्याच्या पितळेवर ब्रासो घासला आहे. यातल्या दोन कल्पना नव्या होत्या. पहिली, मोठी पिशवी पलटणीच्या गाडीवर टाकायची आणि सैनिकाने पाठीवर फक्त छोटी झोळी घ्यायची. तिलाच आपले जवान पिट्ठू म्हणतात. दुसरी कल्पना अधिक दूरगामी. 1908 चे दहा पाऊच गेले आणि छातीपाशी दोन मोठे चौकोनी पाऊच आले. ते रायफलीच्या काडतुसांसाठी नव्हतेच मुळी. त्यांचे माप ठरले ब्रेन गन या नव्या हलक्या मशिनगनच्या मॅगझिनवरून. तुकडीत ब्रेन एक, पण तिची मॅगझिने प्रत्येकाच्या पाऊचमध्ये. आतापर्यंत सैनिक स्वतःची काडतुसे वाहत होता, आता तो तुकडीच्या बंदुकीची वाहू लागला. आजचा जवान स्वतःच्या हत्याराखेरीज तुकडीच्या रेडिओची बॅटरी, उखळीचे गोळे, मशिनगनचा पट्टा वाहतो. त्या प्रथेची सुरुवात या दोन पाऊचांत आहे.

दोष सांगायचे तर कंबरपट्टा सव्वादोन इंचांवर आला, त्यामुळे वजन कमरेवर कमी आणि खांद्यांवर जास्त पडू लागले. पुढे स्टेनगनची लांब मॅगझिने आली तेव्हा पाऊचही लांबवावे लागले. आणि गाडीवर टाकायचे म्हणून ठरलेले सामान, जिथे गाडी जात नाही तिथे, पुन्हा पाठीवर आले. इटलीत आणि ब्रह्मदेशात गाड्या न जाणारी जागाच जास्त होती. या साजाचे लाखो नग भारतात बनले. कापूस आपला, माग आपले. वीण जरा भरड. त्यावर ब्रिटिश सरकारचा बाण आणि त्याच्यासोबत आय हे अक्षर असा शिक्का दिसतो.

हाच साज घालून मराठा लाइट इन्फन्ट्री इटलीत लढली. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, कंपनीचे निरोप्ये, यांनी दोन जखमी साथीदारांना एकामागून एक खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून सुरक्षित आणले. नंतर शत्रूची मशिनगनची ठाणीही उद्ध्वस्त केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ओझ्याच्या तक्त्यांमध्ये जखमी साथीदाराचा रकाना नसतो. पण पायदळात ते वजन कधीही अंगावर येऊ शकते, आणि मर्यादा एक तृतीयांशावर का ठेवावी याचे हेही एक उत्तर आहे.

ब्रह्मदेशाच्या जंगलात सुती नवार हरली. ती पाणी पिते, जड होते, वाळत नाही, कुजते. विंगेटच्या चिंडिट तुकड्यांतले सैनिक विमानातून रसद पडल्यावर सत्तर पौंडांच्या घरात वजन घेऊन चालत; बाकीचे खेचरांवर. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून त्या खेचरांचे कंठ शस्त्रक्रियेने बंद केले होते. या अनुभवातून हलका, लवकर वाळणारा, कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेला हिरवा 1944 पॅटर्न निघाला, ॲल्युमिनियमची बाटली आणि त्यावरच बसणारा पेला यांच्यासह. युद्ध संपता संपता तो आला. त्याचा खरा उपयोग मलायात झाला. अमेरिकनांनीही व्हिएतनाममध्ये हाच धडा नव्याने गिरवला आणि 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुताऐवजी नायलॉन आणले. शेजाऱ्याच्या अनुभवावरून शहाणे होण्याची रीत लष्करांमध्ये फारशी नसावी.

इतर देशांचे साज थोडक्यात. जर्मनांनी चामडे दुसऱ्या महायुद्धापर्यंत सोडले नाही. त्यांची केसाळ गाईच्या कातड्याची पाठपेटी संग्राहकांना फार प्रिय, वागवणाऱ्याला किती प्रिय होती कोण जाणे. रशियनांनी साधे पोते घेतले, एकाच पट्ट्याची गाठ पोत्याच्या तोंडाला मारली की झाली पाठपिशवी. ओव्हरकोटाची वळकटी खांद्यावरून तिरकी. दिसायला गबाळे, बनवायला स्वस्त, आणि त्यात फार काही मावत नसल्यामुळे फार काही भरलेही जात नसे. या शेवटच्या गुणासाठी मी त्याला इतर अनेक देखण्या साजांच्या वर ठेवीन. अमेरिकेचा 1956 चा साज आणि 1970 च्या दशकातला नायलॉनी ॲलिस हे सुटसुटीत होते. जगभरच्या फौजांनी त्यांच्या नकला केल्या.

ओझे कमी का होत नाही, याचे सरळ उत्तर एस. एल. ए. मार्शल या अमेरिकन लेखकाने 1950 मध्ये दिले. मागे टेबलावर बसलेला प्रत्येक अधिकारी एकेक वस्तू असू द्यावी म्हणून वाढवतो; काढून टाकण्याची जबाबदारी मात्र कुणाचीच नसते. आणि भीती व थकवा एकमेकांना वाढवतात, त्यामुळे तालमीत पेलणारे वजन लढाईत पेलत नाही. मार्शलच्या इतर काही दाव्यांवर, विशेषतः लढाईत किती सैनिक खरोखर गोळी झाडतात यावर, पुढे बरेच वाद झाले. ओझ्याबद्दलचे त्याचे म्हणणे मात्र घटनांनी वारंवार खरे ठरवले. 1982 च्या फॉकलंड युद्धात 25 मे रोजी अटलांटिक कन्व्हेयर जहाजावर हल्ला झाला, त्यासोबत तीन चिनूक हेलिकॉप्टरे गेली आणि ब्रिटिश मरीन सैनिकांना सुमारे 80 पौंड पाठीवर घेऊन दलदलीतून चालत जावे लागले. अफगाणिस्तानात 2003 मध्ये अमेरिकनांनी आपल्याच सैनिकांना मोहिमेवर असताना तोलून पाहिले. त्यांच्या नियमपुस्तकात लढाईचे ओझे 48 पौंड होते. तराजूवर साध्या रायफलधाऱ्याचे सरासरी 63 पौंड भरले. चालीच्या वेळी 96. आणीबाणीच्या प्रसंगी 127, म्हणजे 57 किलोंहून अधिक.

भारतात या विषयावर झालेला एक अभ्यास जगभर उद्धृत होतो, तो इथे सांगितलाच पाहिजे. दत्ता आणि रामनाथन या संशोधकांनी 1971 मध्ये ओझे वाहण्याच्या सात तऱ्हा ताडून पाहिल्या: डोक्यावर, पाठपिशवीत, कपाळपट्ट्याने शेर्पासारखे, कावडीने, खांद्यावर पोत्यासारखे, दोन्ही हातांत, आणि अर्धे पुढे अर्धे मागे. सर्वांत कमी दम लागला तो पुढे-मागे वाटलेल्या ओझ्याला. हातात धरून नेणे सर्वांत महाग पडले. बरोजने 1908 मध्ये जे अंदाजाने साधले होते ते असे साठ वर्षांनी मोजमापाने सिद्ध झाले. पण मधल्या काळात पुढचे पाऊच छातीवरून सरकून कुशीला गेले होते, कारण पोटावर सरपटताना पुढचे वजन आड येते. ओझ्याची उत्तम जागा आणि लढण्याची उत्तम जागा एक नसते. हा पेच आजही सुटलेला नाही, आणि पट्ट्यांच्या नव्या रचनेने तो सुटेल असे मला वाटत नाही. सुटलाच तर यादीतल्या वस्तूंवर काट मारण्याचा अधिकार आणि धाडस असलेल्या माणसाकडून सुटेल.

जुना साज जमवणाऱ्यांची संख्या आपल्याकडेही वाढते आहे. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात नवारी पट्टे आणि पाऊच अधूनमधून दिसतात. चित्रपटांसाठी बनवलेल्या नकलाही त्यांत मिसळलेल्या असतात. शिक्का, साल आणि वीण पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. पण अधिक मोलाचा माल बाजारात नाही. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड इथल्या ज्या गावांतून पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात माणसे गेली, तिथल्या घरांत तो आहे: ट्रंकेत, माळ्यावर, कधी बैलाच्या साजात जोडलेला. तुमच्या घरी असा पट्टा किंवा झोळी असेल तर ती धुऊ नका, पितळ घासू नका, फाटले असेल तर शिवू नका. आतल्या बाजूचा शिक्का, साल आणि शाईने लिहिलेला सैनिक क्रमांक यांचा फोटो काढा, वस्तू कोरड्या जागी सुती कापडात ठेवा, आणि ती कुणाची होती, कोणत्या पलटणीत होती, हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून आजच लिहून ठेवा.